म्हाताऱ्या कुत्र्याच्या घराला, आत्याकडून

परवा फोनवर तू म्हणालीस, ब्रूनोला आता जिना चढवत नाही, आणि लगेच मुलांच्या परीक्षांकडे वळलीस. मुलं आसपास होती म्हणून मीही तेव्हा ताणलं नाही. पण लॅब्रॅडॉरचं आयुष्य साधारण १० ते १२ वर्षांचं, आणि ब्रूनोला तेरावं लागलं आहे. तेव्हा जे सांगायचं ते आता लिहूनच पाठवते. एका बैठकीत वाचू नकोस. जिथे जड जाईल तिथे थांब, दुसऱ्या दिवशी पुढचं वाच.

सिकंदराबादला मारेडपल्लीच्या या घरात तुझ्या आजोबांच्या वेळेपासून कुत्री आहेत. लातूरकडून आणलेला उंच, सडपातळ कारवान होता. लष्करातल्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा आपल्याकडे सोपवलेली अल्सेशियन होती. गल्लीत जन्मून फाटकातून आत आलेली तर कितीतरी. त्यांचं शेवटचं सगळं मी माझ्या हातांनी केलं आहे. आता आसपास कुणाचं कुत्रं म्हातारं झालं की लोक मला विचारायला येतात. तेलुगू शेजारी येतात, मुसलमान शेजारी येतात, फ्लॅटमध्ये राहणारी नवी जोडपी येतात. त्यांना सांगते तेच तुला सांगते.

सगळ्यात आधी हे, की त्याच्या शेवटाबद्दल जे ठरवायचं ते तो शेपूट हलवत दारापर्यंत येतो आहे तोवर ठरव. ज्या रात्री त्याला श्वास लागेल त्या रात्री तुला डॉक्टरांचा नंबर सापडणार नाही, गाडीची किल्ली सापडणार नाही, आणि तुम्ही नवरा-बायको एकमेकांवर चिडाल. म्हणून आज शांतपणे एका कागदावर लिहून काढ. रात्री-अपरात्री घरी येतील असे डॉक्टर कोण. तीसेक किलोचा जीव तिसऱ्या मजल्यावरून खाली कसा आणि कोण उतरवणार. नंतर दहन की दफन, आणि कुठे. मुलांना कोण सांगणार. कागद देवघराच्या खणात ठेव आणि जावईबापूंना दाखव.

उतरवण्याचं आधी करून बघायला हवं. जुनी सोलापुरी चादर घे, दुहेरी घाल, त्याला मधोमध झोपव आणि दोघांनी दोन टोकं धरून उचला. तुमच्या लिफ्टमध्ये चादर आडवी मावते का तेही बघून ठेव. पोटाखाली हात घालून उचललं तर म्हाताऱ्या कुत्र्याच्या कमरेला फार दुखतं, आणि दुखलं की आपल्या माणसालाही ते चावतं. चावलं तर रागावायचं नाही.

हे सगळं सांगितलं म्हणून शेवट जवळ आलाच असं मात्र धरू नकोस. ‘वय झालं’ म्हणून हात टेकणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, आणि त्याचा मला राग येतो. मागच्या पायातला जोर गेला तो संधिवाताने गेला असेल तर त्यावर चांगली औषधं आहेत. खाणं सोडलं असेल तर दात बघायला हवेत, किडलेल्या दाढेने कुत्रं ताटलीकडे जातं आणि परत फिरतं. आणि आपल्या गावात गोचिडीच्या तापाची शंका तर पहिली घ्यायची. कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, नाकातून रक्त येतं, आणि घरचे म्हणतात म्हातारपण. रक्त तपासलं, प्लेटलेट किती ते कळलं आणि डॉक्सीसायक्लिनचा पूर्ण कोर्स दिला की तेच कुत्रं पुन्हा फिरायला निघू शकतं. ब्रूनो पाणी फार पितो आहे का, लघवीला सारखा उठतो का, हेही सांग डॉक्टरांना. ते मूत्रपिंडाचं लक्षण असतं. जवळच्या दवाखान्यात समाधान झालं नाही तर नारायणगुड्याला सरकारी सुपर स्पेशालिटी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे, राजेंद्रनगरला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. एकदा नीट निदान होऊ दे. त्यानंतरचा निर्णय मग तुला आयुष्यभर टोचत नाही.

घरातल्या गोळ्या त्याला कधी देऊ नकोस. माणसाला चालणारी आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण करते आणि मूत्रपिंड बंद पाडते. पॅरासिटामॉलही आपल्या अंदाजाने द्यायचं नाही. दुखण्यावरची गोळी डॉक्टरच त्याच्या वजनावर ठरवतील.

आता तो प्रश्न, जो सगळे शेवटी दबक्या आवाजात विचारतात. वेळ झाली हे कसं ओळखायचं?

कुत्रं दुखणं लपवतं. दुखत असतानाही तुला बघून शेपूट हलवील, म्हणून शेपटीवर विसंबू नकोस. तो झोपलेला असताना घड्याळ लावून एका मिनिटातले श्वास मोज. ३० च्या आत असतील तर ठीक, रोज त्याच्या वर जायला लागले तर छाती किंवा हृदय बघायला हवं. उन्हात न जाता, न पळता धापा टाकतो का बघ. एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहतो का, रात्री घरभर फिरून कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहतो का, एकाच जागी चाटत राहतो का, हे बघ.

अमेरिकेत डॉ. अॅलिस व्हिलालोबोस नावाच्या पशुवैद्य आहेत, कर्करोग झालेल्या प्राण्यांवर त्यांनी आयुष्यभर उपचार केले. २००४ साली त्यांनी एक मोजपट्टी सुचवली, ती आता जगभरचे पशुवैद्य वापरतात. सात गोष्टी: वेदना आणि श्वास किती आटोक्यात आहे, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला शून्य ते १० गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर राहिली तर त्याचं जगणं अजून जगण्यासारखं आहे असं धरायचं. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, आणि ती आपल्या घरात करायला फार सोपी आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज रात्री एक खूण कर. चांगला दिवस गेला तर टिंब, वाईट गेला तर फुली. आपलं मन एका चांगल्या सकाळीत मागचे चार वाईट दिवस विसरतं, भिंतीवरचं कॅलेंडर विसरत नाही. आणि खूण तू एकटीने करू नकोस. एक दिवस तू, एक दिवस जावईबापू, आणि आठवड्यातून एकदा घरी काम करणाऱ्या अम्माला विचार. तिचा जीव त्याच्यावर आहेच, पण ती तुझ्यापेक्षा स्पष्ट बघते.

त्याशिवाय ब्रूनोच्या आवडीच्या तीन गोष्टी लिहून ठेव. स्कूटरचा आवाज आला की उठणं, पोळीचा शेवटचा तुकडा मागणं, बाल्कनीत उन्हाला पडणं, जे काय असेल ते. तिन्हीतल्या दोन गेल्या की डॉक्टरांना फोन करायचा. हे माझं स्वतःचं माप आहे, आणि मी ते अनेक घरांना दिलं आहे.

तोवर मधले दिवस त्याला सुखाचे कर. तुमच्या गुळगुळीत टाइल्स हा म्हाताऱ्या कुत्र्याचा मोठा शत्रू. शहाबादी फरशीवर पाय तरी रोवला जातो, व्हिट्रिफाइडवर चारही पाय चार दिशांना जातात आणि एकदा असं पडलेलं कुत्रं पुन्हा उठायला घाबरतं. पाण्याच्या भांड्यापासून त्याच्या जागेपर्यंत रबरी किंवा काथ्याच्या चटया टाक. भांडी विटेवर ठेव, म्हणजे मान वाकवावी लागणार नाही. उठता येईनासं झालं तर दर तीन-चार तासांनी कूस बदल, नाहीतर कोपर आणि खुब्याला जखमा होतात. शेपटीखालचे आणि मांड्यांचे केस बारीक कापून घे आणि लघवी झाली की कोमट पाण्याने पुसून कोरडं कर. पावसाळ्यात हे एक दिवसही चुकवायचं नाही. ओल्या केसांवर माशी बसली की एका दिवसात अळ्या होतात, आणि त्या आतल्या मांसापर्यंत जातात. रोज दिवेलागणीला उजेड घेऊन घड्यांमधून, कानांमधून, शेपटीखाली बघ. हे किळसवाणं वाटलं तरी तूच कर, दुसऱ्यावर सोपवू नकोस.

आषाढ लागला की लष्करात, म्हणजे सिकंदराबादेत, बोनालू सुरू होतील. उज्जयिनी महांकाळीच्या जत्रेचे ढोल आणि डीजे रात्रभर चालतात, पुढे गणपती, मग दिवाळीचे फटाके. आजारी कुत्र्याचं हृदय त्या आवाजाने फार दमतं. त्या दिवसांत त्याला आतल्या खोलीत ठेव, खिडक्या लाव, पंखा आणि टीव्ही चालू ठेव, आणि कुणीतरी एकाने जवळ बस. आधी डॉक्टरांकडून शांत राहण्याची गोळी विचारून ठेवली तर उत्तम. उन्हाळा असेल तर ओला टॉवेल पायाच्या तळव्यांवर आणि पोटावर ठेव. बर्फाच्या पाण्याने मात्र आंघोळ घालायची नाही.

शेवटचं म्हणून काही खाऊ घालावंसं सगळ्यांना वाटतं, आणि आपल्या गावात तो मोह बिर्याणीवर येऊन थांबतो. तसं करू नकोस. त्यातला कांदा, तूप आणि शिजलेली हाडं त्या अशक्त पोटाला सोसत नाहीत. उलट्या, जुलाब, पोटात कळा, आणि शेवटची रात्र वाईट जाते. उकडलेली कोंबडी, नुसती, मीठ-मसाला न घालता, हातावर घेऊन भरव. मऊ दहीभात भरव. डॉक्टरांनी पथ्य सैल केलं असेल तर उकडलेलं अंडं. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट कुत्र्याला विष आहे, ते शेवटच्या दिवशीही नको.

आता इंजेक्शनचं सांगते, कारण लोकांना त्याचीच भीती असते आणि ती बहुतेक न कळल्यामुळे असते.

डॉक्टरांना आधी एक प्रश्न विचार: अगोदर पूर्ण गुंगी देणार ना? चांगले डॉक्टर पहिल्यांदा गुंगीचं औषध देतात. पाच-दहा मिनिटांत तो गाढ झोपतो. त्यानंतर पुढच्या पायाच्या शिरेतून भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस जातो. काही सेकंदांत उरलीसुरली शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. नुसतं मॅग्नेशियम सल्फेट किंवा नुसतं अंग लुळं पाडणारं औषध, गुंगीशिवाय, कुणी देत असेल तर तिथेच नकार दे. त्यात जनावर शुद्धीत राहून गुदमरतं. हे विचारायला संकोच करू नकोस, चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याच्या शिरा खोल गेलेल्या असतात, म्हणून आधीच पायाला सुई बसवून चिकटपट्टी लावून घ्यायला सांग, म्हणजे ऐनवेळी टोचाटोची होत नाही.

काय दिसेल तेही आधी कळून घे. डोळे उघडेच राहतात. हृदय थांबल्यावरही एखाद-दुसरा खोल श्वास आल्यासारखा दिसतो, पायाचा स्नायू फडफडतो, लघवी होते. यातलं काही त्याला जाणवत नसतं. ठाऊक नसलेलं माणूस घाबरून ‘अजून जिवंत आहे’ म्हणून ओरडतं आणि ती आठवण घेऊन राहतं. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून सांगतील तेव्हाच झालं असं समजायचं.

सकाळची वेळ घे. ऊन चढलेलं नसतं, डॉक्टरांना घाई नसते, आणि पुढचं सगळं दिवसाउजेडी होतं. दवाखान्याच्या टेबलापेक्षा त्याच्या रोजच्या गोधडीवर होऊ दे. तू त्याच्या तोंडाशी बस, मागे नाही. हात डोक्यावर, कानामागे, जिथे त्याला आवडतं तिथे. रोज बोलतेस तेच बोल. रडू आलं तर येऊ दे, पण पहिली गुंगी चढेपर्यंत आवाज सांभाळ, कारण तो तुझ्या आवाजावरूनच ठरवतो की घाबरायचं की नाही. ज्यांना बघवत नाही त्यांना बळजबरी करू नकोस, पण घरातलं एक तरी माणूस त्याच्या नजरेसमोर हवंच. कुत्र्याला डॉक्टरांकडे सोपवून बाहेर गाडीत बसून राहणं मला कधीच पटलं नाही.

पाप लागेल का, हे तू विचारशील. तुझ्या सासूबाई नक्की विचारतील. माझं मत स्पष्ट आहे. इतकी वर्षं ज्याचं खाणं, पिणं, बाहेर जाणं, औषध सगळं आपण ठरवलं, त्याच्या यातना संपवण्याची वेळ आल्यावर ‘देवाच्या हाती’ म्हणून बाजूला होणं ही आपली जबाबदारी टाकणं आहे. पण एखाद्या घराला ते खरोखरच पटत नाही, आणि तेही मी मानते. मग त्या घराने नैसर्गिक मरणाची पूर्ण तयारी करायला हवी. दुखण्यावरचं औषध शेवटपर्यंत चालू ठेवायचं, श्वास लागला तर काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवायचं, आणि रात्री पाळीने जागायचं. शेवटी शेवटी तो पाणी नाकारील. चमच्याने घशात ओतू नकोस, ते फुप्फुसात जातं. गंगाजल आणि तुळशीपत्र द्यायचं असेल तर कापूस भिजवून ओठांच्या कडेला आणि हिरड्यांवर फिरव, तेवढं पुरे.

गेल्यावर घाई करायची नाही, पण वेळही घालवायचा नाही. दोन-चार तासांत अंग ताठ व्हायला लागतं, म्हणून पहिल्या अर्ध्या तासात त्याला नेहमीच्या झोपेसारखं कुशीवर, पाय पोटाशी घेऊन ठेव. पापण्या हलक्या हाताने दाबून धर, मिटल्या तर मिटल्या. खाली प्लास्टिक, वर जुनं सुती कापड, कारण पोटातलं बाहेर येतं. लगेच न्यायचं नसेल तर एसी लावलेल्या खोलीत ठेव आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ पोटाला आणि पाठीला लाव. मे महिन्यात आपल्याकडे ४० अंशांच्या वर जातं, तेव्हा काही तासांच्या वर थांबू नये. घरात दुसरं कुत्रं किंवा मांजर असेल तर त्याला जवळ येऊन वास घेऊ दे. ज्यांना तो वास मिळत नाही ती कुत्री पुढे कितीतरी दिवस दारात वाट बघत बसतात, हे मी आमच्या घरात पाहिलं आहे.

पुरायचं असेल तर स्वतःच्या मालकीच्या जागेत, आणि खड्डा चार फूट तरी खोल. सिकंदराबादची जमीन म्हणजे वर मुरूम आणि खाली ग्रॅनाइट. दोन फुटांवर पहार वाजायला लागते. म्हणून खणणारा माणूस आदल्या दिवशीच बोलावून जागा बघून ठेव, बोअरवेलपासून लांब. कापडात गुंडाळून ठेवायचं, प्लास्टिकमध्ये नाही, आणि माती भरल्यावर वर मोठी फरशी टाकायची, नाहीतर भटकी कुत्री किंवा डुकरं उकरतात. इंजेक्शन दिलेलं असेल तर खोली अजून महत्त्वाची, कारण ते औषध शरीरात राहतं आणि उकरून खाणारं जनावरही मरतं. रात्री जाऊन कँटोन्मेंटच्या मोकळ्या जागेत पुरणं किंवा तळ्यात सोडणं, असलं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस.

तुमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांना दहनच बरं. नागोलच्या पलीकडे फतुल्लागुड्याला महापालिकेने पाळीव प्राण्यांसाठी दहनगृह केलं आहे. आधी फोन करून वेळ आणि खर्च विचार, डॉक्टरांचा दाखला लागतो का विचार, आणि एकट्याचं दहन होणार का, राख परत मिळणार का, हेही विचार. तिथे पोचल्यावर हे प्रश्न सुचत नाहीत. गळ्यातला पट्टा आणि साखळी काढून घे. राख कुंडीत घालायची असेल तर नुसती घालू नकोस, त्यात क्षार फार असतात आणि रोप जळतं. भरपूर मातीत थोडी मिसळ आणि काही महिने तशीच राहू दे.

मुलांना खरं सांग. ‘झोपवलं’ म्हणू नकोस, ती रात्री झोपायला घाबरतात. ‘गावाला पाठवलं’ तर कधीच नको, कारण आई खोटं बोलली हे त्यांना एक दिवस कळतंच. मोठीला आधीच सांग की ब्रूनो बरा होणार नाही, आणि तिला काहीतरी काम दे. ब्रशने केस विंचरणं, पाण्याचं भांडं भरणं. धाकट्याला गेल्यावर साध्या शब्दांत सांग: त्याचं शरीर थांबलं, त्याला आता दुखत नाही, तो परत येणार नाही. तो तेच चार वेळा विचारील, चारही वेळा तेच उत्तर दे.

आणि अम्माला त्याच दिवशी सांग. दुसऱ्या दिवशी कामाला येऊन रिकामी जागा बघण्याची वेळ तिच्यावर येऊ देऊ नकोस. वॉचमनला सांग, रोज दोन बिस्किटं देणाऱ्या दुधवाल्याला सांग. आपण समजतो की कुत्रं आपलं एकट्याचं होतं.

सुतक पाळायचं का, असं कुणी विचारलं तर शास्त्रात कुत्र्याचं सुतक नाही, एवढं सांग आणि वाद घालू नकोस. ज्या घराचं कुलदैवत खंडोबा, त्या घराला कुत्र्याचा मान वेगळा शिकवावा लागत नाही. आपल्यातले कितीतरी लोक जेजुरीला जाणं जमत नाही म्हणून कोमुरवेल्लीच्या मल्लण्णाला जातात, तोही तोच देव. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की कुत्र्यांना घास घालतातच. त्या दिवशी ब्रूनोच्या नावाने गल्लीतल्या कुत्र्यांना चार घास जास्त घाल. त्याने मला नेहमी बरं वाटलं आहे.

‘कुत्र्यासाठी एवढं रडायचं?’ असं ऑफिसात कुणी म्हणेल. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांच्या झंजीरने ३ हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं होतं. २००० साली हाडांच्या कर्करोगाने तो गेला तेव्हा वर्दीतल्या माणसांनी त्याला फुलं वाहिली, सलामी दिली, पूर्ण इतमामाने पुरलं. कडक पोलिसांना लाज वाटली नाही, तर तू कशाला वाटून घेतेस? रजा घे एक दिवस. कारण विचारलं तर खरं कारण सांग.

त्याचं अंथरूण आणि भांडी लगेच उचलू नकोस, आणि वर्षभर तशीही ठेवू नकोस. उरलेलं खाणं आणि न उघडलेली औषधं तुमच्या डॉक्टरांना नेऊन दे, ज्यांना परवडत नाही त्यांच्या कामी येतात. पालिकेत नोंदणी केली असशील तर तीही रद्द करून घे.

दुसरं पिल्लू आण असं लोक आठवड्याच्या आत सांगतात. ते सांगतात मायेनेच, पण तुमच्या घराला हवं तेव्हाच आणा. कुणाचं कुत्रं पार्व्होने गेलं असेल त्याला तर मी थांबवतेच, कारण तो विषाणू अंगणातल्या मातीत वर्षभरही टिकतो आणि लस पूर्ण न झालेलं पिल्लू त्याच घरात आणणं म्हणजे त्याला मरणाच्या तोंडी देणं. तुमचं तसं नाही. पुढे कधी मन झालंच, तर जुबिली हिल्सला ब्लू क्रॉस आहे. अमला अक्किनेनींनी १९९२ साली सुरू केलेली ती संस्था. तिथे आपल्या देशी जातीची किती पिल्लं घराची वाट बघतात ते एकदा जाऊन बघ.

एक शेवटचं राहिलं, ते माझ्याबद्दलचं. आमचा शेरू सहा वर्षांचा आहे आणि मी पंचाहत्तरीला आले. रतन टाटांनी मृत्युपत्रात आपल्या टिटोच्या देखभालीची तरतूद केली होती, हे २०२४ साली वाचलं तेव्हा मला वाटलं, हे तर म्हातारपणी कुत्रं सांभाळणाऱ्या प्रत्येकाने करायला हवं. मीही कागद केला आहे. शेरूच्या लसींच्या तारखा, त्याचे डॉक्टर, तो काय खातो, कशाला घाबरतो, आणि त्याच्या खर्चाची बँकेतली वेगळी रक्कम. सांभाळणारं माणूस म्हणून मी तुझं नाव घातलं आहे. ब्रूनोचं सगळं होऊ दे, घर थोडं सावरू दे, मग जावईबापूंशी बोलून मला सांग. जमणार नसेल तर तेही मोकळेपणाने सांग, मी दुसऱ्या कुणाचं तरी बघते. फक्त उत्तर या दिवाळीच्या आत दे, कागदावर सही करायची आहे.